पेन्सिल नंतर, आधी पाणी ओतू दे

आमच्या बालवर्गात ॲडमिशनच्या वेळी आईबाबा येतात तेव्हा दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न हाच असतो, लिहायला कधी घेणार? मूल असतं तीन वर्षांचं, चप्पल अजून उलट्या पायात घालतं, पण शेजारच्या विंगमधल्या मुलीने एबीसीडी गिरवून पूर्ण केली म्हणून यांची झोप उडालेली असते. मग आम्ही त्यांना वर्ग दाखवतो. तिथे एक मुलगा छोट्या जगमधून फुलपात्रात पाणी ओतत बसलेला असतो, एक मुलगी वाटीतले राजमे चिमट्याने उचलून दुसऱ्या वाटीत टाकत असते, एकजण टेबल पुसत असतो, आणि बाबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की एवढी फी भरून हे? हे तर घरी फुकटात होतं.

होतं ना. पण घरी आपण करू देत नाही, सगळी गोची तिथेच आहे.

तर आज तेच सांगायचंय, की मॉन्टेसरी पद्धतीत या ओतायच्या, उचलायच्या, पुसायच्या कामांना एवढा मान का आहे, त्यातून हाताला नक्की काय मिळतं, आणि घरी करायचं तर कसं. मी बरीच वर्षं हेच करतेय त्यामुळे थोडं भरकटायला होईल, चालवून घ्या.

आधी पाणी ओतण्याकडेच नीट बघू, कारण हे एक काम कळलं की बाकीची निम्मी आपोआप कळतात. आपण पाणी कसं ओततो हे आपल्याला माहीतच नसतं, हात आपलं आपलं करतो. तीन वर्षांच्या मुलाला मात्र जगचा कान धरायचा, जग उचलायचा, दुसऱ्या हाताने खालून आधार द्यायचा, चोच फुलपात्राच्या बरोबर वर आणायची, मनगट हळूहळू वाकवायचं, धार बारीक ठेवायची, डोळ्याने पातळीवर लक्ष ठेवायचं, आणि भरत आलं की मनगट परत सरळ करून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचं असतं. एवढ्या सगळ्या गोष्टी ओळीने आणि डोळा-हाताच्या जोडीने. शेवटचं ते थांबणं तर सगळ्यात अवघड, मोठ्यांनाही जमत नाही, घरोघरी तेलाच्या बरणीखालची चिकट गोल खूण बघा.

आता यात गंमत काय आहे, तर चुकलं की सांगायला बाई लागत नाही. पाणी ट्रेमध्ये सांडतं, दिसतं, बस्स. ही पद्धत काढणाऱ्या मॉन्टेसरीबाईंनी साहित्य बनवताना हाच विचार केला होता की चूक कामातच दिसली पाहिजे, म्हणजे मूल स्वतःच बघेल, स्वतःच सुधारेल, आणि कोणी 'अरे चुकलं' म्हणून त्याचा पोपट करणार नाही. म्हणून जगमध्ये पाणी भरताना आम्ही फुलपात्रात मावेल तेवढंच भरतो. पूर्ण भरलेला जग तीन वर्षांच्या हातात दिला तर तो सांडणारच, त्यात मुलाची चूक काय, भरणाऱ्याची चूक.

आणि ट्रेमध्ये एक छोटा स्पंज ठेवलेला असतोच, म्हणजे सांडणं हा गुन्हा नाही, तो कामाचाच पुढचा भाग. खरं सांगू का, निम्मी मुलं पाणी ओततात ती स्पंज वापरायला मिळावा म्हणून. स्पंज दाबायचा, पाणी शोषतो, वाटीवर धरून पिळायचा, पाणी बाहेर येतं, हे त्यांना एखाद्या जादूसारखं वाटतं. आणि पिळण्याने तळहाताच्या स्नायूंना जो व्यायाम मिळतो तो कुठल्याच गिरवायच्या वहीने मिळत नाही.

पण सुरुवात पाण्याने करत नाही आम्ही. आधी कोरडं. राजमा किंवा मोठे हरभरे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, कारण दाणे मोठे, आवाज मस्त येतो, सांडले तर गोळा करता येतात. मग तांदूळ, ते जास्त पसरतात, बारीक असतात, जास्त काबू लागतो. मग पाणी, दोन सारख्या भांड्यांत. मग एकातून दोन फुलपात्रांत सारखं. मग फुलपात्रावर बाहेरून नेलपॉलिशची रेघ मारायची आणि तिथपर्यंतच भरायचं. मग गाळणं किंवा नरसाळं. प्रत्येक पायरीला एकच गोष्ट नवीन, बाकी सगळं ओळखीचं. एका वेळी एकच अडचण, हा या पद्धतीचा सगळ्यात उपयोगी नियम आहे असं माझं मत, गुलाबी मनोरा (लहान-मोठे गुलाबी ठोकळे एकावर एक रचायचं साहित्य) वगैरे नंतर.

(बाय द वे ओतण्याच्याही आधी नुसतं हाताने उचलून टाकणं येतं, मग चमच्याने, मग मोठ्या चिमट्याने, मग छोट्या चिमट्याने, शेवटी ड्रॉपरने थेंब थेंब. मूठ, मग पाच बोटं, मग तीन, मग दोन. ही उतरंड लक्षात ठेवली तर बाजारातून काहीही आणायची गरज पडत नाही.)

आता पेन्सिलचा मुद्दा. मुलाचा हात आपल्या हाताचं छोटं मॉडेल नसतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्माच्या वेळी ती सगळी साधारण कूर्चाच असतात, मऊ, एक्स-रेमध्ये दिसतसुद्धा नाहीत. ती एकेक करून पक्की होत जातात आणि शेवटचं हाड पक्कं व्हायला आठ ते बारा वर्षं लागतात, म्हणून तर मुलांचं हाडांचं वय बघायला डॉक्टर हाताचा एक्स-रे काढतात. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये आठातली तीनेक हाडंच दिसतील. आणि ताकद येते तीही आतून बाहेर, आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, मग बोटं. खांदा डगमगत असेल तर बोटं स्थिर कशी राहणार? म्हणून मूल पेन्सिल मुठीत धरतं आणि अख्खा हात हलवून लिहितं, आणि आपण त्याच्या बोटांना दटावत बसतो.

मग खांद्याला काम कुठून मिळणार, तर जड कामातून. अर्धी भरलेली छोटी बादली उचलणं, फरशी ओल्या फडक्याने पुसणं, भिंतीवर ब्रशने नुसतं पाणी फासणं, परातीत कणीक मळणं. भिंतीवर किंवा उभ्या फळ्यावर हात चालवला की खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात, म्हणून अंगणाची भिंत, एक वाटी पाणी आणि जुना रंगाचा ब्रश हे उन्हाळ्याच्या सुट्टीतलं बेस्ट काम आहे, खर्च शून्य, आणि दहा मिनिटांत वाळलं की भिंत परत कोरी.

बोटांसाठी आपल्याकडे तर खजिना पडलाय. रांगोळी बघा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून रांगोळी सोडायची आणि धार सारखी ठेवायची, पेन्सिल धरायला लागणारी बोटांची हीच ती ताकद. तीन वर्षांच्या मुलीला ठिपक्यांची रांगोळी येणार नाही, पण पाटीवर खडूने रेघ मारून द्या आणि त्यावर रांगोळी सोडायला सांगा, अर्धा तास शांतता. कापसाच्या वाती वळणं. दुर्वा निवडणं, तीन-तीन पात्यांच्या वेगळ्या काढून एकवीसची जुडी करणं, त्यात बोटंही आली आणि मोजणंही आलं. झेंडूची फुलं ओवणं, पण सुई नको, दोऱ्याचं टोक मेणात बुडवून कडक करायचं किंवा बुटाची लेस घ्यायची. मटार सोलणं. भिजवून उकडलेल्या शेंगा फोडणं. मेथी निवडणं. लसूण सोलणं जरा मोठ्या मुलांना, चार-साडेचारच्या, आणि आधी आपण पाकळी थोडी ठेचून द्यायची.

मटार सोलताना एक हात शेंग धरतो आणि दुसरा दाबतो, मग अंगठ्याने दाणे ओढतो. दोन हातांनी दोन वेगळी कामं एकाच वेळी. मूल लिहिताना कागद डाव्या हाताने धरतं आणि उजव्याने लिहितं तेव्हा हेच करत असतं. ज्यांना कागद धरायचं सुचत नाही आणि वही टेबलभर पळत राहते, त्यांना आम्ही रागवत नाही, आठवडाभर डब्यांची झाकणं उघड-बंद करायला आणि लिंबू पिळायला देतो.

मॉन्टेसरीचं जे लाकडी साहित्य असतं त्यातही हाच कावा आहे. दट्ट्यांची पेटी नावाचा प्रकार असतो, लाकडी ठोकळ्यात दहा खड्डे आणि त्यात बसणारे दहा दट्टे, कोणी जाड कोणी बारीक, कोणी उंच कोणी बुटका. वरून वाटतं की मूल लहान-मोठं ओळखायला शिकतंय, आणि शिकतंच. पण प्रत्येक दट्ट्याला वर एक छोटी मूठ असते जी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांनीच धरता येते. म्हणजे मूल दिवसभरात शंभर वेळा पेन्सिल धरायची बोटं वापरतं आणि पेन्सिल खोलीत कुठेही नसते. दाखवायचा हेतू एक, लपलेला हेतू दुसरा, ही बाई फार हुशार होती.

बाई म्हणजे मारिया मॉन्टेसरी, 1870 चा जन्म, इटलीतल्या पहिल्या काही महिला डॉक्टरांपैकी एक. ती मुळात शिक्षिका नव्हती, डॉक्टर होती, हे लक्षात घेतलं की तिची पद्धत अशी निरीक्षणावर का चालते ते कळतं. 6 जानेवारी 1907 ला रोमच्या सान लोरेन्झो भागात, गरीब कामगारांच्या वस्तीत तिने पहिलं बालगृह सुरू केलं. आईबाप कामावर जायचे, मागे पोरं इमारतीची नासधूस करायची, म्हणून इमारतवाल्यांना कोणीतरी पोरं सांभाळायला हवं होतं, इतकं साधं कारण. तिथे तिने एक दिवस मुलांना नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं, रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसं पुसायचं. मुलं हसतील असं तिला वाटलं होतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कारण शेंबडावरून त्यांना सगळे टोचून बोलायचे पण पुसायचं कसं हे कोणी कधी दाखवलंच नव्हतं. मला ही गोष्ट सगळ्या थिअरीपेक्षा जवळची वाटते. आपण पण दिवसभर 'नीट जेव', 'नीट ठेव', 'नीट घाल' म्हणत असतो, पण नीट म्हणजे कसं ते एकदाही हळू करून दाखवत नाही.

तिथलीच अजून एक गोष्ट, तीनेक वर्षांची मुलगी दट्ट्यांच्या पेटीशी बसली होती, काढायची, मिसळायची, परत लावायची. बाईने बाकी मुलांना गाणी म्हणायला लावली, मग मुलीसकट खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, मुलगी मांडीवर पेटी घेऊन चालूच. चाळीसहून जास्त वेळा केलं आणि मग स्वतःच थांबली, झोपेतून उठल्यासारखी, एकदम खुशीत. म्हणून घरी मूल तेच तेच करत असेल तर 'झालं ना आता, दुसरं काहीतरी कर' म्हणू नका. आपल्यासाठी भांडी घासून झाली की काम संपतं, त्याच्यासाठी नाही, त्याला स्वच्छ भांडं नकोच असतं, त्याला घासणं हवं असतं.

आपल्याकडे ही पद्धत बाई स्वतः यायच्या आधीच आली होती. गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये बालमंदिर काढलं, बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या आपल्या ताराबाई मोडक तिथे जाऊन काम करत होत्या, आणि 1926 ला नूतन बालशिक्षण संघ निघाला. मॉन्टेसरीबाई 1939 ला मद्रासला अड्यारमध्ये शिकवायला आल्या त्या थोड्या दिवसांसाठी, आणि महायुद्धात अडकल्या. 1940 मध्ये इटली युद्धात उतरली तशी इंग्रजांनी इटालियन लोकांना धरलं, बाईंच्या मुलाला, मारिओला, आपल्या नगरच्या छावणीत ठेवलं होतं, आणि बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्याला सोडलं. नगरच्या लोकांना हे सांगितलं की ते चकित होतात. भारतात असताना त्यांनी हजाराहून जास्त शिक्षक तयार केले.

पण मला सांगायचंय ते ताराबाईंचं. साहित्य महाग होतं, सुताराकडून अचूक मापाचे ठोकळे करून घ्यायचे म्हणजे खेळ नव्हे. ताराबाई 1945 ला पालघरकडच्या बोर्डीला गेल्या, पुढे 1957 ला जवळच्याच कोसबाडला, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सोबत, आणि तिथे आदिवासी पाड्यांवर काम करताना त्यांनी शिंपले, बिया, पानं, फुलं, खडे, काड्या असं आजूबाजूला मिळेल ते साहित्य वापरलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी शब्दाची मुळं तिथे आहेत. त्यामुळे कोणी तुम्हाला आठ-दहा हजाराचा 'मॉन्टेसरी किट' विकायला आलं तर कोसबाड आठवा. आणि हो, मॉन्टेसरी या शब्दावर कोणाची मालकी नाही, कोणीही पाटीवर लावू शकतं, त्यामुळे शाळा बघताना पाटी न बघता मुलांचे हात काय करतायत ते बघा. सगळी तीस मुलं एका वेळी तीच वही गिरवत असतील तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

बरं, घरी कसं दाखवायचं, कारण तिथेच बहुतेक गडबड होते. आपण करून दाखवताना बोलतो. 'हे बघ बाळा, असं धरायचं, आता असं वाकवायचं, सांडू द्यायचं नाही हां.' मुलाने तोंडाकडे बघायचं की हाताकडे? तो तोंडाकडे बघतो. म्हणून एकदा फक्त 'बघ हं' म्हणायचं आणि मग तोंड बंद, हात नेहमीपेक्षा निम्म्या वेगाने. इतकं हळू की आपल्यालाच कंटाळा येईल. बोलायचं असेल तर हात थांबवून बोला. मूल उजव्या हाताचं असेल तर त्याच्या उजव्या बाजूला बसा, म्हणजे आपला हात मध्ये येत नाही. डावखुरं असेल तर डाव्या बाजूला, आणि मग आपणही डाव्या हाताने करून दाखवायचं, हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं आणि एका डावखुऱ्या मुलाला मी महिनाभर उगाच गोंधळात टाकलं, अजून वाईट वाटतं.

दाखवून झालं की सरका बाजूला. सांडलं तरी हात पुढे करायचा नाही. ही आयांसाठी खरी परीक्षा, आणि आजीसाठी तर विचारूच नका, 'अगं लेकराकडून काय कामं करून घेतेस' हे वाक्य आमच्या प्रत्येक पालकसभेत कोणाच्या तरी सासूबाईंच्या नावावर जमा असतं. त्यावर माझा तोडगा, आजींनाच कामाला लावा. 'आई, तुमच्यासारखे तांदूळ कोणी निवडत नाही, तुम्हीच शिकवा हिला.' आजी आणि नात ताटावर वाकून खडे शोधतायत, याच्यापेक्षा चांगला मॉन्टेसरी वर्ग मी बघितला नाही.

कपड्यांचं वेगळं सांगते कारण ज्युनिअर केजीत गेल्यावर बाथरूमला जाताना खरा प्रश्न तिथे येतो. वर्गात लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवलेलं असतं, एका चौकटीवर बटणं, एकीवर चेन, एकीवर नाडी. घरी उशीला बाबांचा जुना शर्ट घाला, झाली चौकट. अंगावरचं बटण मान वाकवून दिसतही नाही नीट, म्हणून समोर ठेवून शिकायचं. आधी काढायला शिकवा, लावायला नंतर, काढणं सोपं. आणि उलट्या टोकाने शिकवायची युक्ती भारी आहे, चेन आपण खाली अडकवून द्यायची आणि शेवटचं वर ओढणं फक्त मुलाने करायचं, म्हणजे 'झालं!'चा आनंद त्याला मिळतो, मग हळूहळू त्याच्या आधीची पायरीही त्याला द्यायची. स्वेटर किंवा पुढून उघडं जॅकेट असेल तर ते जमिनीवर उघडं पसरायचं, कॉलर मुलाच्या पायांकडे, मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि डोक्यावरून मागे फेकायचं. पहिल्यांदा जमलं की पोरं घरभर दाखवत फिरतात.

चालण्याचंही एक काम असतं. जमिनीवर रंगीत टेपने मोठा लंबगोल काढायचा आणि त्यावरून टाचेला पंजा लावत चालायचं. जमलं की हातात घंटी, वाजू द्यायची नाही. मग पाण्याचं भांडं. आपली लिंबू-चमचा शर्यत आठवली ना, फक्त यात शर्यत नाही, पहिला कोणीच नसतो, त्यामुळे मूल लिंबाकडे बघतं, बाजूच्या मुलाकडे नाही.

सुरक्षेचं थोडं कडक सांगते. राजमा, हरभरे, शेंगदाणे, मणी ही सगळी नाकात घालायची वस्तू आहे असं तीन वर्षांच्या आतल्या मुलांचं ठाम मत असतं, आणि गिळताना घशात अडकली तर जीवावर बेतू शकतं. तोंडात घालायची सवय गेली नसेल तर असलं काही देऊ नका, मोठे अक्रोड किंवा लिंबं घ्या. त्यानंतरही समोर बसूनच, आणि मोजून द्या मोजून परत घ्या, दहा दिले तर दहा आले पाहिजेत. पाण्याची बादली असेल तर एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, फोन वाजला तर वाजू दे. सुरीची सुरुवात लोणी लावायच्या बोथट सुरीने आणि केळ्याने करा, मग उकडलेला बटाटा, मग काकडी, पण काकडी आधी उभी चिरून द्या म्हणजे ती घरंगळत नाही. गॅसजवळ काहीही नाही.

काचेवरून वाद होतो नेहमी. मॉन्टेसरीत खरी काच, खरी चिनीमाती वापरतात, पडली तर फुटते आणि म्हणून मूल जपून धरतं, असं म्हणणं. आमच्याकडे स्टील आहे. स्टील फुटत नाही पण पडलं की जो टण्ण आवाज होतो तोही पुरेसं शिकवतो, असं माझं मत. आणि बाईंचं एक म्हणणं मला पूर्ण पटत नाही, की खरं काम मिळालं की मुलांना खोटी खोटी खेळणी नको असतात. माझ्या वर्गात सकाळी खरी काकडी कापणारी मुलगी डबा खाल्ल्यावर भातुकलीत पानांची भाजी करते आणि मला वाढते, आणि मी 'मीठ कमी आहे' म्हटलं की खोटं मीठ घालते. दोन्ही चालू राहू दे.

आता लोक विचारतात की मुलाने काम फेकून दिलं तर काय. ट्रे उलटा केला, राजमे उधळले. तर साधारण तीनच कारणं असतात. एक, काम फार सोपं झालंय, कंटाळा आलाय. दोन, फार अवघड आहे, आपण दोन अडचणी एकदम दिल्या, उदाहरणार्थ पाणीही आणि बारीक तोंडाची बाटलीही. तीन, भूक किंवा झोप. तिसरं असेल तर जेवायला घाला, तिथे कुठलीच थिअरी चालत नाही. पहिल्या दोन्हींसाठी ट्रे शांतपणे उचलून ठेवायचा, 'हे आपण उद्या करू' म्हणायचं आणि रात्री एकच गोष्ट बदलायची. भांडं मोठं किंवा चिमटा छोटा, एकच.

ट्रेही सगळे बाहेर मांडून ठेवू नका. मुलाच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर तीन किंवा चार कामं, बास. काम घ्यायचं, दोन्ही हातांनी ट्रे धरून चटईवर आणायचं, करायचं, पुसायचं, आणि होतं तिथेच परत ठेवायचं, ते परत ठेवणंही कामातच धरा. आठवड्यात ज्या ट्रेला हात लागला नाही तो काढून दुसरा ठेवायचा.

पहिल्या आठवड्यात फरशी ओली राहणार हे धरूनच चला. आम्ही वर्गात मुलांच्या उंचीला एक खुंटी मारली आणि तिला हातभर लांबीचं फडकं टांगलं, कारण मोठं पोछ्याचं कापड त्यांच्याकडून पिळलंच जात नव्हतं आणि पुसल्यावर आधीपेक्षा जास्त पाणी व्हायचं. जुन्या सुती ओढणीचे चार तुकडे केले तेव्हा जमलं.